प्रश्न चौदावा

३ मार्च

धाकटे,

पत्र "प्रिय"ने सुरू करायचं की नुसत्या हाकेने, यात माझी अर्धी सकाळ गेली. शेवटी हाक ठेवली. हाकेला ओ द्यायलाच हवी असं काही नसतं.

पावणेचार वर्षं झाली. तू म्हणाली होतीस, "माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." मी टाकलं नाही. पत्राला पाय नसतात, म्हणून लिहितेय. फोन केला तर तू ठेवशील. पत्र फाडायला निदान दोन्ही हात लागतात.

परवा तुझ्या लेकीचा फोन आला. ठकीचा आवाज आता मोठ्या बाईसारखा झालाय, मी आधी ओळखलाच नाही. म्हणाली, "मावशी, आईचं बीपी एकशे नव्वद आहे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तिने तो कागद फळीवर डब्याखाली अंथरला." मी विचारलं, का? ती म्हणाली, "आई म्हणते, संशोधन म्हणजे माझ्या बहिणीसारख्या बायांनी भरलेले फॉर्म."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी फोन ठेवला आणि उरलेली भांडी घासली.

आपल्या आईलाही हेच होतं हे तुला वेगळं सांगायला नको. तिचं तोंड वाकडं झालं तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस आणि तिला चमच्याने भरवायचीस. तुझ्या डॉक्टरांनी लिहिलेली गोळी जुनी आहे, चाळीस वर्षं लोक घेताहेत. तुझ्या पेंटरांनी घेतली होती ती ही नव्हे. नाव वेगळं, रंग वेगळा, काम करायची तऱ्हा वेगळी. मी चौकशी करून लिहितेय. घे.

ताई

१९ मार्च

धाकटे,

ठकी म्हणाली, पत्र वाचलंस आणि त्याच डब्याखाली ठेवलंस. म्हणजे आता तिथे डॉक्टर आणि मी शेजारी शेजारी आहोत. गोळी आणली नाहीस. परवा बीपी एकशे ब्याण्णव होतं म्हणे.

तू म्हणतेस ते फॉर्म कसे भरले जातात हे मी तुला कधी सांगितलंच नाही. तूही विचारलं नाहीस. ताई सांगते म्हणजे बरोबर, असं तुझं लहानपणापासूनचं होतं. तर ऐक.

त्या नव्या गोळीच्या अभ्यासात आमच्या केंद्रात दोनशे बारा माणसं होती. सगळ्यांना बीपी, सगळ्यांना ती नवी गोळी. वर्षभर दर महिन्याला मी प्रत्येकाच्या घरी जायचे. पाच मिनिटं शांत बसवायचे, हाताला पट्टा बांधायचे, आकडा लिहायचे, मग बावीस प्रश्न. प्रश्न चौदावा असा होता: "गेल्या महिन्यात चक्कर आली का?" पुढे दोन चौकटी. हो. नाही.

आता माणसं कशी बोलतात बघ. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "चक्कर नाही, पण उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते." शाळेत स्वयंपाक करणारी एक बाई म्हणायची, "घेरी आल्यावाणी होतं." एकीची जमीन हलायची. एकाचं डोकं हलकं व्हायचं. कोपऱ्यावरच्या शिंप्याला मी विचारलं, चक्कर येते का, तर तो शिलाई थांबवून माझ्याकडे बघतच राहिला. "ओ बाई, चक्कर दारुड्यांना येते. आमच्या घराण्यात कोणी थेंब घेतलेला नाही." बायको आतून ओरडली, "काल पाटावरून उठताना भिंत कोणी धरली होती मग?" तो म्हणाला, "ती भिंत. चक्कर नव्हे."

आम्हाला शिकवताना एक नियम घोटून घेतला होता: माणसाच्या तोंडात शब्द घालायचा नाही. तुम्हाला चक्करच म्हणायचंय ना, असं विचारायचं नाही. नियम चांगला आहे. तो नसता तर आम्ही बायांनी सगळ्यांना सगळे आजार चिकटवले असते. तर शिंपी चक्कर नाही म्हणाला, मी "नाही"वर खूण केली. मास्तर नाही म्हणाले, नाही. वर्षाअखेर दोनशे बारा जणांत नऊ "हो" निघाले.

मी नियम पाळला. एवढंच तुला सांगायचं होतं. फॉर्म खोटे नव्हते.

ताई

६ एप्रिल

धाकटे,

माझं पत्र तू परत पाठवलंस. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी ते दाराशीच उघडलं, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. शेवटच्या ओळीखाली रेघ आणि समासात चार शब्द: "तुला कळत होतं का?"

तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. पेंटर त्यावरून तुला चिडवायचे, म्हणायचे, "हिची अक्षरं सारखी बस पकडायला निघालेली." लग्नानंतर तूही नवऱ्याला सगळ्या बाजारासारखं पेंटर म्हणायला लागलीस तेव्हा आई केवढी चिडली होती. मध्येच हे आठवलं, म्हणून लिहिलं.

हो. कळत होतं.

पहिल्या तीन-चार महिन्यांतच कळलं होतं. ज्या अर्थी इतकी माणसं उठताना भिंत धरतात, त्या अर्थी काहीतरी आहे, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवायचे. अंधारी. घेरी. भिंत धरली. त्यांचेच शब्द. मग महिनाअखेरीला फॉर्म वर पाठवायच्या आधी टेबलाशी बसून खोडायचे.

कोणी सांगितलं नव्हतं. हे नीट वाच, कारण तुला वाटत असेल की वरून दबाव आला, कोणी खिसे भरले. तसलं काही झालं नाही. फॉर्मवर जास्तीचं काही लिहिलं की वरून गुलाबी चिठ्ठी यायची. शंकाचिठ्ठी म्हणायचो आम्ही. खुलासा करा, सही करा, पुन्हा त्या घरी जा, पुन्हा विचारा. एका चिठ्ठीत अर्धा दिवस जायचा. आमचं केंद्र सर्वांत कमी शंकाचिठ्ठ्यांचं होतं. मोठे डॉक्टर, म्हणजे या अभ्यासाचे प्रमुख, एकदा सगळ्यांसमोर माझी फाइल उंच धरून म्हणाले, "फॉर्म असा असावा. स्वच्छ." मी वर्गात पहिली आल्यासारखी खाली बघत बसले होते. बाकीच्या जणी मला खोडरबर म्हणायच्या. मला ते आवडायचं.

एकदाच मी तोंड उघडलं होतं. फॉर्म तपासायला येणाऱ्या बाईंना म्हटलं, चक्करच्या जोडीला आणखी दोन शब्द घालता येतील का? त्या म्हणाल्या, "प्रश्न आता मध्येच बदलता येत नाही. पण तुम्ही लेखी द्या, मी वर पोचवते." चांगल्या होत्या बाई. मी लेखी दिलं नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे एकतीस घरं होती.

अहवालात छापून आलं: चक्करेचा त्रास शंभरात चार जणांना. गोळी मानवते. पुढच्या वर्षी ती दुकानात आली. मग पेंटरांना डॉक्टरांनी लिहून दिली आणि तू मला विचारलंस, "ताई, नवीन आहे म्हणतात, घेऊ देऊ का?" आणि मी म्हणाले, "डोळे झाकून घेऊ दे. मी स्वतः फॉर्म भरलेत."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढं लांबलं. चार शब्दांना तीन शब्दच पुरले असते.

ताई

२८ एप्रिल

धाकटे,

तुझ्याकडून काही आलं नाही. ठकीचं आलं. तुझ्या डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, कपाचा कान धरवेना, तासाभराने उतरलं. तू तिला म्हणालीस, "हातावर झोपले होते." ठकी रडत होती. मी तिला पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, दवाखान्यात ने, दवाखान्यात ने, आणि माझा आवाज अगदी बँकेत खिडकीमागून बोलतात तसा येत होता. ती म्हणाली, "मावशी, तुला काहीच वाटत नाही का गं?"

वाटत नाही. पावणेचार वर्षं वाटत नाही. दातांच्या डॉक्टरांनी हिरडीत सुई टोचल्यावर गाल असतो तसं आहे. आहे, पण आपला नाही. मी जेवते, कामावर जाते, फायली लावते. सुरुवातीला वाटलं, उतरेल. आता वाटतं, उतरलं तर काय करायचं.

मागच्या पत्रात सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटावं अशा बेताने मी ते लिहिलं होतं. एक राहिलंय.

पेंटर शिडीवरून पडून गेले त्याच्या आठ दिवस आधी त्यांनी मला फोन केला होता. कामावर, जेवणाच्या सुट्टीत. मी डबा उघडून बसले होते. म्हणाले, "ताई, एक विचारू का? शिडीवर उकिडवं बसून खालची ओळ रंगवतो ना, आणि उठतो, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते. क्षणभरच. गोळीचं काही असेल का?"

मी विचारलं, "चक्कर येते का?"

ते म्हणाले, "छे, चक्कर नाही."

मी म्हणाले, "मग काही नाही. उन्हात काम करता तुम्ही, पाणी पीत जा."

"असं म्हणता? मग झालं तर. हिला बोलू नका हं, उगाच जीव टांगणीला लावून घेईल. तुम्ही आहात म्हणून बरं." आणि हसून त्यांनी फोन ठेवला. मी डबा संपवला.

मी त्यांना चौदावा प्रश्न विचारला, धाकटे. दोनशे बारा माणसांना विचारून विचारून जिभेला तेच वळण लागलं होतं. अंधारी हा शब्द मी इतक्या वेळा समासात लिहून इतक्या वेळा खोडला होता, की घरच्या माणसाच्या तोंडून आला तेव्हाही माझा हात आपोआप "नाही"कडेच गेला.

मग तो दिवस. दुकानाची पाटी अर्धी रंगवून झाली होती. तू माझ्या खांद्याला धरून विचारलंस, "त्यांना काही होत होतं का गं? तुला काही बोलले होते का?" आणि मी म्हणाले, "नाही. मला काही नाही बोलले."

तू मला घराबाहेर काढलंस ते गोळीवरून. "तुझी गोळी, तुझी गोळी," म्हणत होतीस. सगळ्यांना वाटलं तुझं दुःखाने डोकं फिरलंय, मीही त्यांना तसंच वाटू दिलं. सहानुभूतीची फुंकर मला मिळाली आणि वेडी तू ठरलीस. तुझ्यापाशी निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं आज लिहिलं.

आणखी एक. काल मी फायलींच्या खोलीत गेले, माझ्या केंद्राचे खोके काढले. पेन्सिल खोडली तरी कागदावर खाच राहते. खिडकीपाशी फॉर्म तिरका धरला की शब्द वाचता येतात. एका दुपारात एकोणचाळीस वाचले. सोमवारी मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

हे वाचून तू पुन्हा कधी माझं तोंड बघणार नाहीस. बघू नकोस. पण दवाखान्यात जा.

ताई

११ सप्टेंबर

धाकटे,

चार महिने लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही पक्कं नव्हतं. कच्चं सांगायची आता मला भीती वाटते.

मोठ्या डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "मी तुमची फाइल सगळ्यांना दाखवली होती, नाही?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "बाई, लेखी द्या." या वेळी दिलं. त्यांनी माझ्यासमोर फोन उचलला. दाबून टाकू शकले असते. दोन वर्षांत निवृत्त व्हायचे होते, नाव होतं. दाबलं नाही.

बाहेरून तीन जण आले. खोके उघडले, एकेका कागदावर दिवा तिरका धरून वाचलं. मग सगळ्यांना नव्याने फोन केले आणि या वेळी प्रश्न बदलून: "बसल्याचं उठताना काय होतं, तुमच्या शब्दांत सांगा." कागद आणि फोन मिळून नऊचे त्रेपन्न झाले. शिंपी त्यातला एक. म्हणे, त्याने यांनाही बजावलं, "अंधारी येते, पण चक्कर लिहू नका." बाकीच्या केंद्रांचेही खोके आता उघडताहेत. अहवाल छापणाऱ्या नियतकालिकात दुरुस्ती छापून आली आहे, सोबत पाठवते. गोळीच्या वेष्टनातल्या कागदावर इशारा छापणार आहेत. मला घरी बसायला सांगितलंय. चौकशी संपली की काढतील. काढायलाच हवं. ऑफिसातल्या एकीने फोन केला, म्हणाली, "खोडरबरने स्वतःलाच खोडलं." हसावं की नाही ते दोघींनाही कळेना.

इथवर ठीक होतं. मग वर्तमानपत्रात आलं. दोन ओळींचा मथळा: औषध-संशोधन बोगस, कर्मचारी महिलेची कबुली. माझ्या खालच्या मजल्यावरचे काका, त्यांना मधुमेह आहे, मला जिन्यात भेटले. माझा हात हातात घेतला. "फार उपकार केलेत. मी सगळ्या गोळ्या बंद केल्या." मी म्हणाले, "काका, तुमची गोळी वेगळी. ती चांगली आहे. त्या एका गोळीचंसुद्धा एकच उत्तर चुकलं होतं." ते म्हणाले, "राहू दे आता. एकदा दूध नासलं की नासलं."

रोज संध्याकाळी त्यांचं दार वाजवते. समजावते. रोज ते चहा विचारतात आणि गोळी घेत नाहीत. परवा त्यांच्या पायाला जखम दिसली. काल त्यांच्या सुनेने दार उघडलं आणि म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना, आता तुम्हीच येऊ नका." खोटं बोलले तेव्हा एक माणूस गेलं. खरं बोलले तर किती जातील, हे मोजायला कोणता फॉर्म आहे कोण जाणे.

जिन्यावर बसून राहिले. रडू येईल असं वाटलं. नाही आलं.

ठकी म्हणते, तुझं बीपी अजून एकशे नव्वदच्या घरात आहे. छापील दुरुस्ती वाच. माझं पत्र नको वाचूस, ती वाच. तिच्याखाली माझं नाव नाही.

ताई

२ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं. एवढंसं, तरी मी ते दोन दिवस पर्समध्ये घालून फिरले. आज उतरवून काढते, म्हणजे तू जे लिहिलंस ते मी तसंच्या तसं वाचलं हे तुला कळेल. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

"ठकीकडून दुरुस्ती वाचून घेतली. दोनदा वाचून घेतली. आपलं चुकलं असं स्वतःचं नाव घालून छापणारी माणसं तिथे आहेत, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांकडे गेले. गोळी सुरू करून तीन आठवडे झाले. काल एकशे अडतीस होतं. पेंटरांनी तुला फोन केला होता हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. मी त्या दिवसापासून स्वतःला विचारत होते, माझ्या कसं लक्षात आलं नाही. पहिले दिवस तू शेजारी बसून ते बघितलंस. गोळीवर विश्वास बसलाय. तुझ्यावर बसणार नाही. आता लिहू नकोस."

तुझं म्हणणं बरोबर आहे. ते तुझ्या शब्दांत आहे आणि मला पूर्ण कळलं आहे.

एकशे अडतीस वाचलं आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. पावणेचार नव्हे, आता जवळजवळ साडेचार वर्षांनी मला काहीतरी झालं. ते काय होतं हे सांगायचा हक्क आता मला तुझ्यापाशी नाही.

लिहू नकोस म्हणालीस, लिहिणार नाही. पण जुन्या गोळीनेही पहिले काही महिने कधी कधी होतं, म्हणून एवढंच, कोणाला तरी वेळेवर सांगायचं राहून गेलेलं: सकाळी एकदम उठू नकोस. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बस. दहा आकडे मोज. मग उभी राहा.